पडघान सरांचा त्रिकोण

डॉ. भास्कर पडघान यांच्याविषयी कुणी चांगलं बोलायला लागलं की मी उठून पाणी प्यायला जाते. आमच्या गावात असे प्रसंग बरेच येतात, कारण त्यांचं कौतुक करणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यातल्या बहुतेकांचा त्यांच्याशी कधी संबंध आलेला नाही. पडघान सर आमच्या तालुक्याच्या कॉलेजात वाणिज्य विभागाचे प्रमुख होते, मार्केटिंग शिकवायचे. मी मराठीची. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. पुढे त्यांना केबिन मिळाली तीही माझ्या खुर्चीमागच्या प्लायवूडच्या पलीकडे. त्यामुळे या माणसाचं अख्खं करिअर मी कानांनी ऐकलेलं आहे.

केबिनच्या दारावर पाटी होती. वर नाव, मग पदव्या, मग 'संशोधनाचे विषय'. पहिल्या वर्षी तिथे फक्त 'ग्रामीण ग्राहक' होता. मग ज्या विषयावर चर्चासत्राचं परिपत्रक येई तो विषय सरांचा होई. हरित विपणन आलं, डिजिटल आलं, धार्मिक पर्यटन आलं, अगदी शेवटी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली. जुना विषय काढायचा नाही, नवा खाली जोडायचा, असं त्यांचं धोरण होतं. पाटी वाढत वाढत कडीपर्यंत पोचली, आणि दार उघडताना 'डिजिटल'वर हात पडू लागला.

सर मूळचे वडनेर भोलजीचे. वडील शेतकरी, थोरला भाऊ अजूनही शेती करतो. पण बाहेरच्या पाहुण्यांना गाव सांगताना ते 'खामगाव साइडला' एवढंच म्हणत. गावातल्या माणसांना ते 'सॅम्पल' म्हणायचे. "दिवाळीत गावी जातोय मॅडम, सॅम्पल चांगलं मिळतं तिकडे," हे वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे. सख्ख्या चुलत्याला सॅम्पल म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. वर्गात मात्र ते ग्राहक राजा आहे म्हणून सांगत, आणि मुलं ते वहीत उतरवून घेत.

त्यांचं संशोधन कसं चाले तेही सांगते. पीएचडी त्यांनी अंगाच्या साबणावर केली होती. ग्रामीण ग्राहक साबण कसा निवडतो, असा विषय. पुढे साबणाचे दिवस गेले आणि मोबाईलचे आले, तेव्हा सरांनी तीच प्रश्नावली कॉम्प्युटरवर घेतली आणि जिथे जिथे साबण होता तिथे मोबाईल घातला. कॉम्प्युटर सांगितलेलं काम इमानदारीनं करतो. प्रश्नावली छापून आली त्यात एक प्रश्न होता, 'आपल्या मोबाईलला पुरेसा फेस येतो का?' हा प्रश्न कुणाला खटकला नाही, कारण प्रश्नावल्या गावात जातच नसत. बी.कॉम.ची मुलं कँटीनमध्ये बसून त्या भरत, समोसा सरांकडून. मोबाईलच्या फेसाबाबत बहुसंख्य ग्राहक 'पूर्णतः सहमत' निघाले. तो पेपर छापून आला, आणि सरांनी त्याची प्रत प्राचार्यांच्या टेबलावर काचेखाली ठेवायला दिली.

एकदाच ते खरोखर माणसांत उतरले, आणि तेव्हा मी सोबत होते. धार्मिक पर्यटनाचं वर्ष होतं. मुलामुलींना घेऊन आम्ही शेगावला गेलो. मुलांची इच्छा दर्शन आणि कचोरी एवढीच होती, पण सरांनी दर्शनाच्या रांगेत प्रश्नावली काढली. एक म्हातारी नऊवारीचा पदर सावरत उभी होती. सरांनी तिला विचारलं की या स्थळाला पुन्हा भेट देण्याची शक्यता किती, जास्त, मध्यम, कमी की अनिश्चित. तिनं दोनदा विचारून प्रश्न समजून घेतला आणि सांगितलं, "महाराजायनं बोलावलं तं येईन बाप्पा. नाई बोलावलं तं कायची येतो मी?" सरांनी मान हलवली आणि 'अनिश्चित'वर खूण केली. मी म्हटलं, सर, ती बाई यापेक्षा निश्चित काय सांगणार? ते म्हणाले, मॅडम, तुमचं साहित्य वेगळं, इथे डेटा बोलतो. डेटा त्यांच्या हातात होता आणि बोलणारी बाई रांगेतून पुढे गेली होती.

या सगळ्यातून त्यांनी एक सिद्धांत काढला. एक त्रिकोण, टोकावर 'किंमत', खाली एका कोपऱ्यात 'सवय' आणि दुसऱ्यात 'शेजारी'. अर्थ असा की खेड्यातल्या माणसाला बाकी काही कळत नाही, तो स्वस्त पाहतो, आणि ते जमलं नाही तर शेजाऱ्याचं पाहून घेतो. याला ते स्वतःच 'पडघान त्रिकोण' म्हणत. केबिनमध्ये तो फ्रेम करून लावलेला होता, गृहप्रवेशाच्या निमंत्रणपत्रिकेवरही छोटासा छापला होता. आपल्याच लोकांविषयी इतकं हलकं मत आणि त्याचा इतका अभिमान, हे मला कधी जमवून घेता आलं नाही. मला तो त्रिकोण पाहिला की संताप येई.

न्यायाचं बोलायचं तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. पडघान सर तास कधी बुडवत नसत. घंटा झाली की वर्गात, घंटा झाली की बाहेर. फळ्यावरचं अक्षर वळणदार. त्यांच्या चांगुलपणाचा माझा साठा इथे संपतो.

सुजाता इंगळे त्यांच्याकडे पीएचडीला आली तेव्हा त्यांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे जितके तास तितका मेहनताना, आणि सुटीत काही नाही. ती जानेफळची. वडील नव्हते. आई शांताबाई घरी शिलाई करायच्या, लग्नसराईत साड्यांना फॉल-पिको. सुजाताला एकच गोष्ट हवी होती आणि ती तिनं कधी लपवली नाही. सर काही वर्षांत निवृत्त होणार होते, त्यांची जागा रिकामी होणार होती, आणि तोवर पीएचडी हातात आली तर त्या जागेवर तिचा हक्काचा अर्ज गेला असता. आम्हा सगळ्यांनाच वाटे की जागा तिला मिळेल. ती मुलांना आवडे, आणि मेहकरच्या बाजूची मुलं तिच्यापुढे न लाजता बोलत.

सरांनी तिला विषय दिला, ग्रामीण ग्राहक आणि कापड खरेदी. अपेक्षा अशी की त्रिकोण सिद्ध करायचा. सुजाता मात्र कँटीनमध्ये बसली नाही. ती लग्नाच्या हंगामात कापड दुकानात जाऊन बसली. आमच्याकडे लग्न ठरलं की बस्ता फाडायला जातात. दोन्हीकडची माणसं मिळून एकाच दुकानात सगळ्या लग्नाचं कापड घेतात, सकाळी गादीवर बसतात ती दिवेलागणीला उठतात, चहाजेवण दुकानदाराकडून. सुजाता महिनोन्महिने हे पाहत राहिली, आणि तिला जे दिसलं ते त्रिकोणात कुठेच बसत नव्हतं.

तिचं म्हणणं साधं होतं. बस्त्यात नवरीच्या शालूपेक्षा मानाच्या साड्यांवर जास्त वेळ जातो. आत्या, मावश्या, काकू, जावा, नणंदा, जिला जिला मान आहे तिला साडी. आणि या साड्या एकाच दराच्या, एकाच पोताच्या घ्यायच्या, फक्त रंग वेगळे. एकीची उजवी आणि दुसरीची डावी दिसली तर लग्नाला गालबोट लागतं. म्हणून दुकानदारानं त्यातल्या काही साड्या स्वस्तात देऊ केल्या तरी लोक घेत नाहीत, आणि एखादीच भारी दाखवली तरी घेत नाहीत. ज्या बायकांसाठी घ्यायचं त्या तिथे बसलेल्याही नसतात. तरी सगळी खरेदी त्यांच्या नजरेच्या धाकानं होते. तेव्हा एका माणसाला गाठून 'तुम्ही हे का घेतलंत' असं विचारणारी प्रश्नावली इथे निरुपयोगी आहे, असं तिनं लिहिलं. मी ते प्रकरण मराठी तपासायला म्हणून वाचलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या मला माझ्या लग्नातली माझी काकू आठवली.

सरांकडे हे प्रकरण दिवाळीच्या सुमारास गेलं. काही दिवसांनी पार्टिशनपलीकडून मला ऐकू आलं, "सुजाता, हे संशोधन नाही, हे लग्नघर आहे. त्रिकोण कुठाय?" ती म्हणाली की सर, पूर्ण वाचा, मग सांगा. सर म्हणाले, बघू. प्रकरण टेबलावर राहिलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला जाऊ लागला.

पुढच्याच उन्हाळ्यात सरांच्या मुलीचं लग्न निघालं. जावई चांगला, घर चांगलं, चिखलीकडचं. बस्त्याला सर स्वतः गेले. वहिनी, म्हणजे सरांची बायको, फार कमी बोलणारी बाई. त्यांनी सगळ्या साड्या सारख्या घ्या म्हणून सांगून पाहिलं. पण जन्मभर बाजारपेठेचे विभाग पाडायला शिकवलेला माणूस. त्यांनी व्याह्यांच्या घरातल्या बायकांचे तीन गट केले, जवळच्या, मधल्या आणि लांबच्या, आणि तीन दराच्या साड्या घेतल्या. वरची खोकी मात्र सगळ्यांना सारखी. पॅकेजिंग, म्हणाले. स्टाफरूममध्ये त्यांनी हे आम्हाला आनंदानं सांगितलं आणि आमच्यातला एक सर त्यांना म्हणालाही, पडघान सर, जपून. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणून सरांनी त्यालाच ऐकवलं.

लग्नात मी बायकांमध्ये बसले होते. मान देऊन झाला, आणि बायकांनी खोकी उघडली. उघडणारच, त्यासाठीच तर असतात. नवऱ्या मुलाची आत्या एका खुर्चीवर आणि तिची भावजय, म्हणजे नवऱ्या मुलाची काकू, शेजारच्या खुर्चीवर. काकूच्या खोक्यातून जरीची निघाली आणि आत्याच्या खोक्यातून एक पातळ, घडीला चिकटलेली साडी. आत्यानं ती हातात घेऊन बोटांनी चोळली. मग पुन्हा नीट घडी घातली, खोक्यात ठेवली, खोकं खुर्चीवर ठेवलं आणि उठली.

"मी या घरची पोरगी आहो," ती कुणाकडे न बघता म्हणाली. "माह्या बापाच्या घरात माह्यी ही किंमत असन तं मी कायले बसू अथी?" आणि मांडवाबाहेर जाऊन गाडीत बसली.

मुहूर्त टळायची वेळ आली. नवऱ्या मुलाचे वडील गाडीपाशी जाऊन हात जोडत होते, बहीण काच खाली करत नव्हती. पडघान सर तिथे पोचले आणि त्यांनी व्याह्यांना समजावून सांगायला सुरुवात केली, की हा गैरसमज आहे, आम्ही जवळचे आणि लांबचे असे गट केले होते. व्याही शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, "सर, आत्या लांबची असते का?" सर त्यावरही काही बोलणार होते. पण तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांच्या हातात त्यांची स्वतःची साडी होती, मुलीच्या लग्नात नेसायची म्हणून भावानं घेऊन दिलेली, घडी न मोडलेली. वहिनींनी गाडीचं दार उघडलं, ती साडी आत्याच्या मांडीवर ठेवली आणि आत्याच्या पायाला हात लावला. आत्या रडली, वहिनीही रडल्या. लग्न लागलं. वहिनी अक्षता टाकताना सकाळच्याच साडीत होत्या, आणि त्या दिवशी मला सरांचा जेवढा राग आला तेवढा त्याआधी कधी आला नव्हता.

मला वाटलं, आता तरी माणूस सुजाताचं प्रकरण वाचेल आणि सही करेल. त्यांनी वाचलं, हे खरं. कॉलेज उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला बोलावलं. प्लायवूड पातळ होतं आणि सरांचा आवाज मोठा होता.

"हे तू माझ्यावर लिहिलंस," सर म्हणाले. "सगळा जिल्हा हे वाचून मला ओळखेल. माझ्या घरातला प्रसंग तू प्रबंधात घातलास."

"सर, हे मी तुम्हाले दिवाळीत देलं होतं," सुजाता म्हणाली. "लग्न तं मे महिन्यात झालं."

आपण प्रकरण वाचलंच नव्हतं हे त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं, आणि शहाणा माणूस इथे ओशाळून थांबला असता. सर म्हणाले, "ते प्रकरण काढ. मग सही."

"ते काढलं तं मंग प्रबंधात राह्यते काय सर?"

"त्रिकोण राहतो," सर म्हणाले.

तिनं प्रकरण काढलं नाही. त्यांनी सही केली नाही. मी एकदा त्यांच्याकडे गेले, म्हटलं, सर, तुमची निवृत्ती जवळ आली, पोरीचं वर्ष वाया जाईल, जागेची जाहिरात निघेल तेव्हा तिच्याकडे पदवी हवी. त्यांनी मला खुर्ची दिली आणि समजावलं, की बाजारात टिकायचं तर ग्राहकाच्या मागणीप्रमाणे माल बदलावा लागतो. गाईड हा विद्यार्थ्याचा पहिला ग्राहक. तिला हे कळत नसेल तर ती मार्केटिंग शिकलीच नाही. एका त्रिकोणापायी आणि एका साडीच्या लाजेपायी हा माणूस एका मुलीचं आयुष्य अडवून बसला होता, आणि त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मी चहा न घेता उठले.

सर निवृत्त झाले. शाल झाली, श्रीफळ झालं, सरांचं पाऊण तासाचं भाषण झालं. समारंभानंतर सुजाता त्यांच्यापाशी गेली, तर म्हणाले, आता मी त्या खुर्चीवर नाही, तू गाईड बदलून घे. मग अकोल्याच्या एक मॅडम तयार झाल्या. गाईड बदलण्याचे अर्ज, समितीची मंजुरी, पुन्हा सादरीकरण, यात दीडेक वर्ष गेलं. मधेच जागेची जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या, आणि परभणीकडचा एक मुलगा पदवी घेऊन आला आणि लागला. मुलगा चांगला आहे, त्याचा काही दोष नाही. त्या जागेवर पुढची पंचवीस-तीस वर्षं आता तोच राहणार. सुजाता त्याच्या हाताखाली तासिका घेत राहिली. जागा गेल्याचं तिनं आईला सांगितलं नव्हतं. माय फॉल-पिको करता करता लोकांना सांगते, पदवी आली की पोरगी कॉलेजात लागते, तिला कसं सांगू, असं ती मला म्हणाली होती.

शेवटी तिची खुली मौखिक परीक्षा ठरली. खुली म्हणजे कुणीही येऊन बसू शकतं, प्रश्न विचारू शकतं. मी आणि शांताबाई तिच्यासोबत विद्यापीठात गेलो. शांताबाईंनी पांढरी साडी नेसली होती आणि हातात पेढ्यांचे पुडे होते. सभागृहात शिरलो तर पहिल्या रांगेत पडघान सर. कुणी बोलावलं नव्हतं. नवा सफारी, खिशाला पेन.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सुजाताला पुष्कळ विचारलं, आणि नंतर म्हणाले की बस्त्याचं प्रकरण हा या प्रबंधाचा प्राण आहे, ते नसतं तर मी एवढ्या लांब आलो नसतो. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबायच्या आत सर उभे राहिले. म्हणाले, या विषयाचं बीज माझ्याच मार्गदर्शनाखाली पडलं, आणि माझ्या प्रत्यक्ष निरीक्षणात असं एक लग्न आलेलं आहे, जिथे साडीच्या फरकामुळे वराची आत्या रुसली होती. त्यांनी सगळी हकीगत सांगितली. फक्त वधूपिता कोण ते सांगितलं नाही. लोक हसले, सरही हसले. मी सुजाताकडे पाहिलं, ती टेबलावर ठेवलेल्या आपल्या हाताकडे पाहत होती.

बाहेर व्हरांड्यात फोटो झाले. प्रत्येक फोटोत सर मध्ये. मग ते सुजाताला थोडं बाजूला घेऊन म्हणाले, पण इतक्या मोठ्यानं की आम्हाला ऐकू आलं, "त्या प्रकरणाचा चांगला पेपर होतो. करून पाठव. नाव माझं आधी टाक, तुझं नंतर. तुझ्याच फायद्याचं आहे, माझ्या नावानं लवकर छापून येईल."

"नाही सर," सुजाता म्हणाली.

एवढंच. आवाज चढवला नाही, कारण दिलं नाही. सर कशाला तयार नव्हते तर याला. त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं आणि मला, खरं सांगते, अंगावर गार पाणी पडल्यासारखं बरं वाटलं.

पण शांताबाई घाबरल्या. त्या पटकन पुढे आल्या. "असं बोलू नाई माय," त्या लेकीला म्हणाल्या. "सर हायेत ते. त्यायच्यामुळं झाली तू." मग सरांकडे वळून त्यांनी हात जोडले. "जय भीम सर. लहान हाय, मनावर घेऊ नोका." आणि पेढ्यांचा एक अख्खा पुडा त्यांच्या हातात दिला. "आता लागन नं सर हे कालेजात? तुमच्या जागेवर?"

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. सरांना सगळं माहीत होतं. नवीन मुलगा त्यांना घरी जाऊन भेटून आला होता, त्याच्या पेढ्यांचाही पुडा त्यांनी घेतला होता. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी बोलेल, निदान खाली तरी पाहील.

"लागेल की," सर म्हणाले. "का नाही लागणार? मी शब्द टाकतो."

त्यांनी पुडा उघडला, एक पेढा तोंडात टाकला, पुडा बगलेत धरला आणि फोटोवाल्याला आपला नंबर सांगत सांगत गाडीकडे गेले. गाडी फाटकातून वळेपर्यंत शांताबाई हात जोडून उभ्या होत्या. मी पडघान सरांना त्यानंतर पाहिलेलं नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

"सरायनं शब्द देला," शांताबाई आम्हाला म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "पाह्य सुजाता, तू त्यायले नाई म्हनली अन त्यायनं तरी शब्द देला."

सुजातानं आईच्या हातातल्या उरलेल्या पुड्यांची पिशवी घेतली.

"चाल माय," ती म्हणाली. "येस्टीत सांगतो तुले."